सांधा गुरगुरतो, गाडी मरगळते: खेळण्यातल्या रेल्वेच्या वायरिंगमधला दोष कसा शोधावा

लक्षणे

ही लक्षणे एकेकटी क्वचित येतात. कोणती दोन-तीन जोडीने आली आहेत, यावरूनच अर्धा शोध लागतो.

- ट्रान्सफॉर्मरजवळ गाडी सुसाट धावते, पलीकडच्या टोकाला मरगळते. ट्रान्सफॉर्मरचे वेगाचे हँडल वाढवावे तर पलीकडे बरी चालते आणि जवळच्या वळणावर उलटते.
- गाडी हळू चालत असताना सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) अर्धाच सरकतो. गाडी वेगात असली की तोच सांधा टणकन बदलतो.
- सांधा बदलला की इंजिनाचा दिवा क्षणभर मंदावतो.
- सांध्याची मोटर सतत गुरगुरते आणि कव्हर चटका बसण्याइतके तापते.
- सांधा सरळ असताना सगळे ठीक. वळणाकडे लावला की लगेच शॉर्ट.
- रुळांच्या एका विभागातून (वेगळी वीज मिळणाऱ्या तुकड्यातून) दुसऱ्यात जाताना चाकाखाली ठिणगी पडते.
- ब्रेकर पडतो, थोड्या वेळाने आपला आपण जोडला जातो, पुन्हा पडतो.

यातले काहीही झाले की पहिला संशय ट्रान्सफॉर्मरवर जातो. तो बदलला जातो, आणि नव्यालाही तोच आजार होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या मांडण्यांत ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा ठणठणीत निघाला. दोष होता तो त्याच्या पुढे: परतीच्या वायरमध्ये, रुळांच्या जोडांत, किंवा रुळावरच्या कमीजास्त होणाऱ्या विजेवर सांधे चालवण्याच्या हट्टात. म्हणून खालच्या क्रमात ट्रान्सफॉर्मरचे झाकण येतच नाही, आणि का येत नाही तेही शेवटी सांगितले आहे.

वीज कोणत्या वाटेने फिरते

तीन रुळांच्या मांडणीत, म्हणजे लायोनेल कंपनीच्या ओ गेज या मापासारख्या गाड्यांत, एसी वीज मधल्या रुळातून येते. इंजिनाखालचा रोलर ती उचलतो. मोटरमधून फिरून ती चाकांवाटे बाहेरच्या रुळांत उतरते आणि ट्रान्सफॉर्मरला परत जाते. बाहेरचे दोन्ही रूळ मिळून एकच कॉमन, म्हणजे परतीची सामाईक वाट. मेर्क्लिन कंपनीच्या एचओ मापाच्या गाड्यांत मधल्या रुळाच्या जागी ओळीने बारीक टिकल्या असतात, पण तत्त्व तेच. तिथे लाल वायर रुळाची, पिवळी दिव्यांची आणि सांध्यांची, तपकिरी परतीची. दोन रुळांच्या डीसी मांडणीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण, आणि दिशा बदलायची तर दोघांची अदलाबदल. डीसीच्या पॉवर पॅकवर बहुधा टर्मिनलांच्या दोन जोड्या असतात: रुळासाठी ० ते १२ व्होल्ट डीसी, आणि सांधे-दिव्यांसाठी १६ व्होल्टच्या आसपास एसी.

सांध्याची मोटर म्हणतात ती पुष्कळदा फिरणारी मोटर नसतेच. दोन कॉइल असतात आणि त्यांच्यामधून मागेपुढे होणारा एक लोखंडी दांडा. ज्या कॉइलला वीज मिळेल तिकडे दांडा ओढला जातो आणि त्याबरोबर रुळाची पाती सरकतात. ही कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठीच गुंडाळलेली असते. तिच्यातून मिनिटभर वीज वाहिली तर आतल्या तारेवरचा, वीज अडवणारा इनॅमलचा लेप जळतो. मग ती कॉइल काही दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

फुकटातल्या तपासण्या

भिंतीतला प्लग काढा. ट्रान्सफॉर्मरच्या तळाची पट्टी वाचा. १२० व्होल्टसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टच्या सॉकेटात गेला तर त्याचे आयुष्य काही क्षणांचे असते. उलट प्रकारात तो चालतो, पण अर्ध्या दमाने, आणि माणूस दिवसभर रूळ घासत बसतो. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल आणि तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल, तर व्होल्टेज बरोबर असूनही लोखंडी गाभा चुंबकत्वाने लवकर भरतो आणि ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा जास्त तापतो व गुणगुणतो. हा बिघाड नव्हे, पण तो पूर्ण लोडवर चालवू नये.

पट्टीवरचा वॉटचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर तो पुष्कळदा आत जाणाऱ्या विजेचा असतो. बाहेर त्यापेक्षा बरीच कमी मिळते. डब्यांत साधे तारेचे बल्ब असतील तर तेही हिशेबात धरा. असा एक बल्ब ०.१५ ते ०.२ अँपिअर घेतो. चार डबे, प्रत्येकी दोन बल्ब म्हटले तर सव्वा ते दीड अँपिअर नुसत्या उजेडावर गेले. त्यात सांध्यांचे दिवे, सिग्नल, धुराची नळी मिळवा, म्हणजे संध्याकाळी सगळे दिवे लावल्यावरच गाडी का मरगळते ते कळेल. अशा वेळी एक-दोन डबे काढून पाहा. वेग परत आला तर दोष नाही, नुसता भार जास्त आहे.

आता रुळांवर नजर टाका. घसरलेले एखादे चाक मधल्या आणि बाहेरच्या रुळाला एकदम टेकलेले आहे का? सांध्याच्या पात्यांत स्क्रू, टाचणी, वायरचा तुकडा अडकला आहे का? ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलांवर वायरच्या सुट्या केसांनी शेजारच्या टर्मिनलला मिठी मारली आहे का? ब्रेकर पुन्हापुन्हा पडण्याच्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून ही पायरी ओलांडून मीटर हातात घेऊ नये.

सांध्यांची बटणे एकेक दाबून पाहा. प्रत्येक बटण स्वतःहून परत वर आले पाहिजे. धुळीने किंवा थकलेल्या स्प्रिंगने बटण खालीच राहिले, तर कॉइल जळेपर्यंत वीज घेत राहते. दिव्याचे साधे चालू-बंद बटण सांध्याला लावलेले दिसले तर ते आत्ताच काढा. सांध्याला लागते ते दाबले तेवढाच वेळ जोडणारे बटण.

मग स्वच्छता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने रूळ, इंजिनाची चाके आणि रोलर पुसा, प्लग काढलेला ठेवून आणि खोली हवेशीर ठेवून. पत्र्याच्या रुळांना खरखरीत सँडपेपर लावू नका. वरचा मुलामा गेला की गंज आलाच. स्टील वूल तर खोलीतही आणू नका. त्याचे केस मोटरच्या चुंबकाला चिकटतात, सांध्याच्या फटीत शिरतात आणि कधीही न सापडणारे शॉर्ट करतात.

रूळ की ट्रान्सफॉर्मर? दोन वायरींत उत्तर

ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या वायर काढा. कोणती कुठे होती याचा आधी फोटो घ्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावा. एक सुटा रूळ टेबलावर घ्या, दोन आखूड, जाड वायरनी तो थेट ट्रान्सफॉर्मरला जोडा आणि त्यावर इंजिन ठेवा. चाके दणक्यात फिरली, दिवा लख्ख लागला तर ट्रान्सफॉर्मर आणि इंजिन दोघेही निर्दोष. पुढचा सगळा शोध मांडणीत.

इथेही इंजिन रडत असेल तर दुसरे इंजिन ठेवून पाहा. दोन्ही रडली तरच ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवायचे.

मीटर असेल तर आता काढा, पण एसीच्या मांडणीत तो एसी व्होल्टवर आहे ना ते पाहून. बिनलोडाचे व्होल्टेज जवळजवळ काहीच सांगत नाही. एका केसाने लटकलेली वायरसुद्धा लोड नसताना पूर्ण १८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना, किंवा एखादा मोठा बल्ब लावून मोजा. आणि हँडलऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर साध्या स्वस्त मीटरचा आकडा फसवा निघू शकतो, कारण कंट्रोलर विजेची लाट कापून देतो आणि साधा मीटर गुळगुळीत लाट गृहीत धरतो. तिथे ट्रू आरएमएस, म्हणजे कापलेली लाटही बरोबर मोजणारा मीटर हवा, नाहीतर बल्बच्या उजेडावर भरवसा ठेवावा.

पलीकडे गाडी का मरते

वायर पुन्हा जोडा. इंजिन पलीकडच्या टोकाला, जिथे ते मरगळते तिथे न्या आणि हाताने धरून चालू ठेवा, चाके घसरत फिरू द्या. पण काही सेकंदच. मीटरचे एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर, दुसरे इंजिनाजवळच्या मधल्या रुळावर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट जाण्याच्या वाटेत हरवले. मग तसेच कॉमन टर्मिनल आणि इंजिनाजवळचा बाहेरचा रूळ यांच्यात मोजा. तो परतीच्या वाटेतला तोटा.

हे दुसरे मोजमाप बहुतेक जण करतच नाहीत. मधल्या रुळाला चार ठिकाणी वायर जोडलेल्या असतात आणि परतीला एकच, तीही केसाएवढी. जेवढी वीज जाते तेवढीच परत यावी लागते. वाट अरुंद असेल तर जाण्याच्या वाटेवर कितीही वायर टाका, उपयोग शून्य.

वायरच्या जाडीचा हिशेब एकदा केला की मग विसरत नाही. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. ट्रान्सफॉर्मरपासून ६ मीटर दूरच्या रुळाला वीज न्यायची तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर. वायर ०.३ चौरस मिलिमीटरची असेल, जी खेळण्यांबरोबर पुष्कळदा येते, तर रोध सुमारे ०.७ ओहम होतो आणि ४ अँपिअरला पावणेतीन व्होल्ट वाटेतच संपतात. तीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास. म्हणून मुख्य वायर, जाणारी आणि येणारी दोन्ही, १.५ किंवा त्याहून जाड घ्यावी, मांडणीच्या खालून फिरवावी आणि तिच्यावरून दर दीड-दोन मीटरला आखूड वायरीने रुळाला वीज द्यावी. आखूड फाटा बारीक असला तरी चालतो, कारण तो हातभरच असतो. पण ब्रेकर पडेपर्यंत जळून जाईल इतका बारीकही नको.

वायर जाड असूनही तोटा दिसत असेल तर रुळांचे जोड पाहा. मीटर एका रुळाच्या शेवटाला आणि पुढच्या रुळाच्या सुरुवातीला टेकवा. चालू गाडीत एका जोडावर ०.१ व्होल्टहून जास्त दिसले की तो जोड सैल किंवा गंजलेला. पिन काढून घासा, रुळाचे तोंड पक्कडीने हलकेच दाबून पिन घट्ट बसेल असे करा. जोडांना सोल्डर करायचा मोह होतो. कायमच्या मांडणीत जरूर करावा, पण सगळे नाही: तापमानाने रूळ वाढतात-आकसतात, त्यांना थोडी जागा लागते. आणि इन्सुलेटेड (वीज पुढे न जाऊ देणाऱ्या) पिन जिथे मुद्दाम घातल्या आहेत तिथे सोल्डरची लाट पोहोचू देऊ नका.

मीटर नसलेल्यांनी दिवे असलेला एक डबा हाताने मांडणीभर ढकलत न्यावा, हँडल एकाच जागी ठेवून. जिथे उजेड उतरतो त्याच्या अलीकडचा जोड संशयित.

सांधा: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

गाडी हळू असताना सांधा अर्धवट सरकतो याचे कारण एकच असते. सांध्याला वीज मधल्या रुळातून मिळते आहे. गाडी हळू म्हणजे रुळावर ८–९ व्होल्ट, आणि कॉइलला दणका द्यायला हवेत १४ ते १८. शिवाय सांधा झटका घेतो तेव्हा काही अँपिअर ओढतो. ती वीज गाडीच्याच ताटातली, म्हणून दिवा मंदावतो. उपाय: सांध्यांना स्वतंत्र, न बदलणारे व्होल्टेज द्या. ट्रान्सफॉर्मरवर हँडलने न बदलणारी जोडी असेल तर ती वापरा, नसेल तर एक छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर ठेवा. लायोनेलच्या ०२२ सांध्यात याचसाठी एक छोटा प्लग दिलेला असतो: तो मोटरमध्ये खोचला की सांध्याचा मधल्या रुळाशी असलेला विजेचा संबंध तुटतो आणि वीज प्लगमधून मिळते. ज्या बनावटीत अशी सोय नाही तिथे रुळाकडून येणारी आतली वायर शोधून सोडवावी लागते. ती न सोडवता बाहेरून वीज जोडली तर दोन वेगळी व्होल्टेज एकमेकांना भिडतात, आणि गाडीचे हँडल बंद केले तरी गाडी थांबत नाही. हे लक्षण दिसले की कारण शोधत बसू नका, हेच आहे.

वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचा कॉमन रुळाच्या कॉमनला जोडायला विसरू नये. तीन रुळांच्या मांडणीत सांध्याची परतीची वीज बाहेरच्या रुळातूनच जाते. तो जोड नसला तर सांधा गुरगुरत नाही, तापत नाही, हलतही नाही, आणि लोक चांगली कॉइल फेकून देतात.

सतत गुरगुरणाऱ्या सांध्याचा प्रकार निराळा. स्वयंचलित सांध्यांत गाडी येताच सांधा तिच्या बाजूने आपोआप लागतो, कारण दोन वाटा जिथे फुटतात तिथले आतले दोन रूळ बाकीच्या कॉमनपासून तोडलेले असतात. गाडीची धातूची चाके त्यांवर आली की तो रूळ कॉमनशी जोडला जातो आणि त्याच्या कॉइलला वीज मिळते. हे तोडण्याचे काम करतात फायबर किंवा प्लॅस्टिकच्या पिन. मांडणी उचलून पुन्हा लावताना यातली एखादी हरवते आणि कोणी तिच्या जागी लोखंडी पिन घालतो. एक पिन गेली तर सांधा एकाच बाजूला हटून बसतो, बटणाने बदलला तरी परत उडी मारतो. दोन्ही गेल्या तर दोन्ही कॉइल एकमेकींशी झुंजत राहतात आणि तापतात. दोन सांधे एकमेकांना लागून जोडले असतील तर मधल्या जोडातही अशी पिन लागते. लोक नेमकी तीच विसरतात.

तपासायला सोपे आहे. प्लग काढा, रुळावरच्या गाड्या बाजूला करा, सांधा मांडणीतून उचलून टेबलावर घ्या आणि त्याला एकट्याला वीज द्या. गुरगुर थांबली तर दोष पिनांचा. तरीही चालूच असेल तर बटणाची वायर सोडवून पाहा. मग थांबली तर बटण किंवा त्याची वायर. तरीही नाही, तर मोटरचे कव्हर उघडून आतले संपर्क पाहा. काही बनावटींत दांडा टोकाला पोहोचला की एक पत्ती वीज तोडते. ती वाकली किंवा काजळली की वीज तुटत नाही. अशी पत्ती नसलेल्या सांध्यांत गाडी नेमकी त्या तोडलेल्या रुळावर उभी करून चहाला जाऊ नये, इतकेच.

कॉइल मोजायची तर तीन वायरींपैकी मधली म्हणजे सामाईक धरा आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंचा रोध घ्या. आकडे काही ओहमचे आणि जवळजवळ सारखे यावेत. एक बाजू उघडी दाखवली तर तार तुटली. एक बाजू दुसरीच्या निम्म्यावर आली तर आतले इनॅमल जळून वेढे शॉर्ट झाले. दोन्ही सारखे असून सांधा अडखळत असेल तर दोष विजेचा नाही. दांडा सुका पडला आहे किंवा पात्यांत घाण आहे. हाताने सरकवून पाहा, विनासायास सरकला पाहिजे.

दोन कॉइलच्या साध्या सांध्यांना कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावणे मला पैसे वसूल वाटते. १६ व्होल्ट एसीतून कपॅसिटर साधारण २२ व्होल्टपर्यंत भरतो, बटण दाबताच एकदम रिता होतो आणि बटण अडकले तरी कॉइलला पुढे किरकोळच वीज मिळते. स्वयंचलित सांध्यांना मात्र ते लावू नये: गाडी तोडलेल्या रुळावर उभी राहिली की युनिट भरतच नाही आणि बाकीचे सांधेही मूक होतात.

दोन रुळांच्या मांडणीतल्या खास गोष्टी

एका बाजूला ठीक आणि दुसऱ्या बाजूला शॉर्ट, हे लक्षण बहुधा धातूच्या, विजेने जोडलेल्या फ्रॉगचे (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला टोकदार तुकडा). सांधा बदलला की त्या फ्रॉगची ध्रुवता बदलते. पलीकडून दुसऱ्या वायरने त्याच रुळाला उलटी वीज येत असेल तर शॉर्ट ठरलेलाच. फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जोड घाला आणि वीज सांध्याच्या पात्यांच्या टोकाकडून द्या. मांडणीत रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर तिथे धन रूळ ऋणाला भेटतो. तो वळसा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत तोडून स्वतंत्र बटणावर घ्यावा लागतो. तीन रुळांत ही कटकट नाही.

आणि पॉवर पॅकवरची १६ व्होल्ट एसी जोडी रुळाला कधीही लावू नका. डीसीचे इंजिन त्यावर चालत नाही, नुसते थरथरते आणि आतून जळते. डिजिटल कंट्रोलर जोडलेल्या रुळाला जुना हँडलचा ट्रान्सफॉर्मर जोडणे तर त्याहून महागात पडते.

न सापडणारा शॉर्ट

ब्रेकर पडत राहतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा २४ व्होल्टचा २१ वॉटचा ट्रकचा बल्ब पुरवठ्याच्या वायरमध्ये सलग जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण त्यातून एक अँपिअरसुद्धा जात नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि निवांत शोधता येते. आता विभागांच्या वायर एकेक सोडवा. जिच्यामुळे बल्ब विझतो तो विभाग दोषी. मग त्या विभागातले रूळ मधोमध तोडा, पुन्हा अर्धे करा. रुळाखालची कागदी इन्सुलेशन पट्टी फाटून मधला रूळ स्लीपरला टेकलेला असणे, हा जुन्या पत्र्याच्या रुळांतला नेहमीचा गुन्हेगार.

ब्रेकर आहे म्हणजे वायर सुरक्षित आहे असे समजू नका. तो ट्रान्सफॉर्मरला वाचवतो. १८ व्होल्टला १८० वॉट म्हणजे १० अँपिअर. ब्रेकर शांत असताना बारीक वायर वितळू शकते. शिवाय ब्रेकर कॉमनच्या वाटेत बसवलेला असेल तर दोन हँडलांच्या पुरवठ्यांमधला शॉर्ट त्याला दिसतच नाही. प्रत्येक विभागाच्या पुरवठ्याच्या वायरमध्ये वेगळा फ्यूज घाला. गाडी ३–४ अँपिअर घेत असेल तर ५ अँपिअरचा.

दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर

विभाग ओलांडताना ठिणगी पडते तेव्हा आधी दोन्ही हँडल सारख्या व्होल्टेजवर ठेवून पाहा. तरीही पडत असेल तर दोन ट्रान्सफॉर्मरची लाट उलटसुलट आहे. दोघांचे कॉमन जोडा, दोन्ही १२ व्होल्टवर ठेवा आणि दोघांच्या पुरवठ्यांमध्ये मोजा. शून्याच्या जवळ आले तर लाट जुळली. २४ च्या जवळ आले तर एकाचा प्लग उलटा फिरवून खोचा आणि पुन्हा मोजा. प्लग फिरवता येण्यासारखा नसेल तर आतल्या वायर स्वतः बदलू नका. ते काम खालच्या यादीतले.

यात एक धोका आहे, तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा. एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढला, दुसरा चालू आहे, आणि रोलरने दोन विभाग जोडले गेले, तर चालू ट्रान्सफॉर्मरचे १८ व्होल्ट बंद असलेल्यात उलटे शिरतात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. काढलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर भिंतीइतके व्होल्टेज येते. म्हणून सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बोर्डाच्या बटणाने एकदम बंद करा आणि कोणाचाही प्लग एकटा काढू नका.

इथे हात थांबवा

- प्लगची केबल कडक झाली, तडकली, किंवा आतले तांबे दिसते आहे.
- काहीही जोडलेले नसताना ट्रान्सफॉर्मर तापतो, मोठ्याने गुणगुणतो किंवा जळका वास येतो.
- रुळाला किंवा ट्रान्सफॉर्मरच्या धातूच्या कव्हरला हात लागताच झिणझिण्या येतात, किंवा तो लावला की घरातला गळतीचा ब्रेकर पडतो. यात प्राथमिक (मेनकडच्या) आणि दुय्यम (रुळाकडच्या) वेढ्यांमधले इन्सुलेशन गेलेले असू शकते. मग रूळ म्हणजे उघडी मेन लाइन.
- हँडल फिरवताना आतून ठिणग्या दिसतात, किंवा शिट्टीचे हँडल दाबताच धूर येतो. आतला कार्बन रोलर किंवा रेक्टिफायरची चकती बदलावी लागेल.
- लाट जुळवण्यासाठी प्राथमिक बाजूच्या वायर बदलायच्या आहेत.

ही सगळी कामे झाकणाच्या आतली, मेन विजेची. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे द्या आणि इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन पारखणाऱ्या मीटरने) तपासून द्यायला सांगा. साध्या मीटरने ते कळत नाही. सोबत एक चिठ्ठी बांधा: पट्टीवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ, एकट्या रुळावर इंजिन ठेवून आलेले व्होल्टेज, आणि काही न जोडता तो किती वेळात तापला. केबल किंवा इन्सुलेशन नापास झाले आणि दुरुस्तीचा खर्च नव्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळ गेला, तर जुना शोकेसमध्ये ठेवा, पण त्याची प्लगची केबल कापूनच.